कुणाचं घर वगळायचं?

अमेरिकेहून आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "नायगारा बघितला का?" नाही बघितला. तो स्वातंत्र्याचा पुतळा बघितला, तोही लांबून, करंगळीएवढा. मी आणि तात्या तिथं फिरायला गेलोच नव्हतो, गायला गेलो होतो. तीन शनिवार, तीन गावं, तीन शाळांची सभागृहं आणि यजमानांच्या घरातल्या पाहुण्यांच्या खोल्या, एवढीच माझी अमेरिका. पण ती सांगायला लागले की मध्येच उठून आत जाते आणि समोरच्याला वाटतं, बाईला तिकडचं पाणी बाधलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पुन्हा कुणी विचारू नये.

आमचं कलापथक मिरजेचं. कलापथक म्हणजे काय हे आता सांगावं लागतं, म्हणून सांगते. एक पेटी, एक ढोलकी, चार-पाच माणसं, थोडी बतावणी, म्हणजे सोंगाड्याची थट्टामस्करी, थोडी गाणी. जत्रेत, गणपतीत, चौकात पडदा लावून उभं राहायचं. तात्या गाणी लिहायचे आणि सोंगाड्याचं कामही तेच करायचे. आता पंचाहत्तरीला आलेत, दात बसवलेले आहेत, पण जीभ तशीच. मी विमल, पेटी वाजवते आणि गाते. पथकात आता आम्ही दोघंच उरलोय.

तात्यांची खरी कमाई म्हणजे गावकडवं. ज्या गावात कार्यक्रम, त्या गावावर नवं कडवं, त्याच दुपारी लिहायचं आणि संध्याकाळी गायचं. कुठल्या गल्लीत दिवा लागत नाही, कुठल्या हॉटेलात चहा पाणचट मिळतो, कुणाचा बोकड कुणाच्या अंगणातली कोथिंबीर खातो, सगळं त्यात. लोक आपल्या आळीचं नाव ऐकून हसून हसून आडवे व्हायचे.

हा माल गोळा करून आणायच्या शकुंतलाअक्का. तात्यांची बायको, आणि पथकाची मूळची गाणारी. दुपारी गावात शिरायच्या, नळावर, ओट्यावर, पापड लाटणाऱ्या बायकांत जाऊन बसायच्या. सगळं विचारून झालं की उठताना शेवटचा प्रश्न ठरलेला, "कुणाचं घर वगळायचं?" त्याचं असं झालं होतं, की एकदा तात्यांनी एका शिंप्यावर झकास कडवं रचलं आणि त्याच्या घरी त्याच सकाळी माणूस गेलं होतं. तेव्हापासून अक्कांनी नियम घातला. दुःखाचं घर गाण्यात घ्यायचं नाही. गाणं त्या गल्लीशी आलं की शब्द थांबवायचे, ढोलकीची एक फेरी नुसती जाऊ द्यायची आणि तेवढा वेळ हात जोडून उभं राहायचं. त्याला आम्ही रिकामी फेरी म्हणतो. ज्यांचं घर वगळलं त्यांना बरोबर कळायचं. बाकीच्यांना वाटायचं, गाणारे दम घेताहेत.

हा नियम तात्यांनी एकदाच मोडला, आणि तोही स्वतःच्या घरासाठी. त्यांच्या मुलीचं, रेखाचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्याच आठवड्यात आमच्याच चौकात कार्यक्रम होता. अक्का म्हणाल्या, आज आपलं घर वगळा. तात्या म्हणाले, "दुसऱ्याचं घर वगळावं, स्वतःचं कसलं वगळायचं?" आणि गायले की मोडलेल्या लग्नावर चार ओळी! चौक हसला म्हणे पोट धरून. दुसऱ्या दिवशी अक्का मुलीला घेऊन भावाकडे गेल्या, त्या गेल्याच. पुढं रेखाचं दुसरीकडे लग्न झालं, ती अमेरिकेला गेली, आणि तिच्या मागोमाग अक्काही. मी पथकात आले ती अक्कांच्या रिकाम्या जागेवर. त्यांच्या पट्टीत गायले, त्यांची नऊवारी आखूड करून नेसले. इतक्या वर्षांत तात्यांनी मला कधी वाईट म्हटलं नाही आणि कधी शाबासही म्हटलं नाही.

अमेरिकेच्या दौऱ्याचं निमंत्रण आलं तेव्हा त्यांनी आधी सरळ नाही म्हटलं. मग गावांची नावं कळली. जर्सी सिटी, शॉमबर्ग, फ्रिस्को. रेखा फ्रिस्कोला राहते आणि अक्का तिच्याकडेच असतात, हे त्यांना भाचीकडून ठाऊक होतं. दोन दिवसांनी म्हणाले, "जाऊ या, विमल. तिनं एकदा समोर बसून हसावं. भेटू नये, बोलू नये, चालेल मला. पूर्वी विंगेत ती पहिली हसायची, मगच मी कडवं बाहेर काढायचो. एकदा हसली की बस झालं." तर आम्ही अमेरिकेला गेलो ते अक्कांच्या एवढ्या एका हसण्यासाठी.

जर्सी सिटी

अनिकेत आणि सायली हे आमचे तिथले यजमान, दोघंही पुण्याचे, दोघंही कॉम्प्युटरवाले. तिसाव्या मजल्यावर घर. खिडकीशी उभं राहिलं की खाली नदी आणि नदीपलीकडे सगळं न्यूयॉर्क. मला पहिल्या दिवशी भोवळच आली. तात्या मात्र खिडकीला नाक लावून उभे. "काय गं विमल," म्हणाले, "हे राहतात इथं आणि बघतात तिकडं. यांचं गाव कुठलं म्हणायचं?"

सकाळी सहाला सवयीनं पेटी काढली, दोन सूर लावले तोच दारावर टकटक. खाली बसणारा रखवालदार वर आला होता. शेजाऱ्यांची तक्रार. सायली बिचारी ओशाळून म्हणाली, "काकू, इथे ना, वीकेंडला लोक उशिरा उठतात. आपण प्रॅक्टिस बाथरूममध्ये करूया का?" म्हणजे मी पेटी घेऊन टबाच्या काठावर आणि तात्या कमोडचं झाकण लावून त्यावर! इतकी वर्षं गोठ्यात, शाळेच्या वर्गात, ट्रकच्या हौद्यात तालीम केली, ही एक जागा राहिली होती.

दुपारी अनिकेत आम्हाला नदीखालून जाणाऱ्या गाडीनं पलीकडे घेऊन गेला. त्यानं वाचलं होतं, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर नुसते गाणी लिहिणारेच बसायचे. एकेका खोलीत एकेक पियानो, खिडक्या उघड्या, दिवसभर ठाकठोक. शहरावर गाणी लिहायची. ट्राम, गर्दी, घरमालकीण, खेड्यातून आलेली मुलगी, पगाराच्या दिवशीची मजा. कागदावर छापून विकायची, आणि नाटक-तमाशेवाले ती उचलून गावोगाव गायचे. तात्यांचे डोळे लकाकले. आता तिथं काही नाही. कुंड्यांची आणि फुलांची घाऊक दुकानं, स्वस्त दागिने, केसांचे टोप. फुटपाथवर एक पाटी आहे, तिच्यावर कुणीतरी कॉफी सांडली होती. तात्या वर बघत उभे राहिले. सगळ्या खिडक्या बंद.

"इथला एकसुद्धा लिहिणारा उरला नाही?" त्यांनी विचारलं.

"काका, आता सगळं फोनवर असतं," अनिकेत म्हणाला.

माल गोळा करायचा म्हणून त्यांनी सायलीला खोदून खोदून विचारलं आणि शेवटी, "कुणाचं घर वगळायचं, बाळ?" ती गोंधळली. अर्थ सांगितल्यावर म्हणाली, "असं काही ऐकलं नाही बाई कुणाचं." मग संध्याकाळी शाळेच्या सभागृहात, पावभाजीच्या वासात, तात्यांनी कडवं सोडलं:

*अहो मंडळी, गाव तुमचं भारी,*
*फिरून आलो आम्ही दारोदारी!*
*तिसाव्या मजल्यावर बांधलं घर,*
*खिडकीत दिसतंय भलतंच शहर,*
*बघायला न्यूयॉर्क, राहायला जर्सी,*
*गॅलरीत मावते एकच खुर्ची!*

खुर्चीला जो हशा पडला, बाई गं! पोरंसोरं फोन वर धरून चित्रीकरण करत होती. सायलीचा मुलगा इतका वेळ "बोअरिंग, मम्मा" करत होता, तोही शेवटी "वन मोर, वन मोर" ओरडायला लागला. तात्या घामानं चिंब. मला हळूच म्हणाले, "जमतंय अजून." त्यांना इतकं खूश मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. फ्रिस्कोला काही बिनसलं तर या माणसाचं काय होईल, हा विचार तिथं पहिल्यांदा आला.

शॉमबर्ग

शिकागोशेजारचं गाव. थंडी अशी की नाक जागेवर आहे का ते हात लावून बघावं लागे. इथं उतरलो डॉक्टरकाकांकडे. हे मूळचे साताऱ्याचे, तरुणपणी आलेले, आता निवृत्त. बायको वारली, मुलं दूर. एवढं मोठं घर आणि त्यात एकटा माणूस. फ्रीजवर चिठ्ठी, 'मंगळवार: आमटी'. एकदा करून आठवडाभर गरम करून खातात. मी गेल्या गेल्या पिठलं-भाकरी केली, तर त्यांचे डोळे भरून आले आणि मग त्यांनी मिरचीचं निमित्त केलं.

त्यांना जुन्या अमेरिकन तमाशाचं वेड. तमाशा माझा शब्द, ते त्याला व्हॉडव्हिल म्हणतात. एक दिवस ते आम्हाला शिकागोत एका जुन्या थिएटरापाशी घेऊन गेले. खाली औषधाचं दुकान, वर खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, कोपऱ्यात दगडी मुखवटा, त्याचं नाक गेलेलं. गाडीतला हीटर चालू ठेवून काका सांगत होते. एका तिकिटात दहा प्रकार असत. कुणी चेंडू फेकून झेलायचा, कुणी कुत्री नाचवायचा, एक जोडी भांडायची, एक बाई गायची. ज्याला त्याला दहा-बारा मिनिटं. तीच दहा मिनिटं घेऊन माणसं जन्मभर आगगाडीनं या गावाहून त्या गावाला. भाड्याच्या खोल्या, गार जेवण, लहान पोरं पेटाऱ्यात झोपवलेली. मग सिनेमा आला आणि दुकान बसलं.

"आणि तात्या, तुमचं ते गावकडवं," काका म्हणाले, "हे लोकही करायचे बरं का. गावात आले की आधी पडदा ओढणाऱ्याला विचारायचे, इथे कुणाला हसतात? कुठल्या पेठेची टिंगल करतात? आणि गाण्यात ती नावं घालायचे."

तात्या पुढं सरकले. "आणि वगळायचं कसं ठरवायचे?"

"म्हणजे?"

तात्यांनी सांगितलं. काकांनी बराच विचार केला. "तसं कुठे वाचल्याचं आठवत नाही बुवा."

"मग त्यांच्यात शकुंतला नसणार," तात्या म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे नाव पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगते, मला थोडं लागलं. इतकी वर्षं गाते आहे मी या माणसाबरोबर.

शॉमबर्गच्या मंडळाचे सेक्रेटरी होते एक हसरे गृहस्थ. त्यांना तात्यांनी वगळायचं घर विचारलं, तर ते म्हणाले, "काका, इथे सगळे हॅपी आहेत, डोन्ट वरी." तात्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग कडवं झालं:

*माणूस दिसंना कुठं रस्त्यात,*
*घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात,*
*शेजारी कोण, काय ओळख नाय,*
*बर्फ उपसताना हाय नि बाय!*

लोक हसले, पण ऑफिसाच्या ओळीला दुसऱ्या रांगेतला एक चाळिशीतला माणूस उठला आणि बाहेर गेला. त्याची बायको दोन ओळी बसली, मग पर्स उचलून तीही गेली. नंतर जेवताना कुजबुज कानावर आली. त्याची नोकरी गेली होती, व्हिसाचं काय होणार ठाऊक नव्हतं, आणि मंडळात कुणालाच पत्ता नव्हता. हॅपी म्हणे! मी सेक्रेटरींना चार शब्द सुनावणार होते, पण त्यांचाच चेहरा पडलेला. त्यांना तरी कुठं ठाऊक होतं?

तात्यांनी ताट तसंच सरकवलं. "ती असती तर तिला कळलं असतं," म्हणाले.

"तात्या, इथं नळ नाही, ओटा नाही. अक्कांनी तरी कुठं बसून विचारलं असतं?" मी जरा चिडूनच म्हटलं.

"तिनं जागा शोधली असती."

डॉक्टरकाकांनी दुसऱ्या दिवशी विमानतळावर सोडलं आणि आमची गाडी नजरेआड... आमची कसली, त्यांचीच गाडी. तेच निघून गेले आणि आम्ही बघत उभे राहिलो. घरी जाऊन ते पुन्हा मंगळवारची आमटी गरम करणार, हे डोक्यातून जाईना.

फ्रिस्को

टेक्सास. इथं उलट, ऊन. रस्ते एवढे रुंद की पलीकडे जायला सुद्धा गाडी काढतात. विटांची घरं, सगळी एका तोंडाची, प्रत्येकासमोर एक काडीएवढं झाड आधाराला काठी लावून उभं. आमची यजमानीण मंजिरी, मुंबईची. बोलायला लागली की थांबत नाही, पण मनानं सोन्यासारखी. तिनं पोहे केले होते आणि वर ओल्या खोबऱ्याचा चव, म्हटलं, आता काय हवं!

तात्यांनी सकाळीच दाढी केली. ठेवणीतला सदरा बाहेर काढला, मला विचारलं, "बरा दिसतो का?" मी म्हटलं, "नवरदेव दिसताय." ते लाजले चक्क. मंजिरीला त्यांनी रेखाबद्दल काही सांगितलं नव्हतं. मलाही बजावलं होतं. अक्कांना आपणहून यायचं तर येऊ दे, आपण बोलावणं पाठवायचं नाही.

दुपारी स्वयंपाकघरात चहा घेत मालाची गोळाबेरीज सुरू झाली. मंजिरी भरभरून सांगत होती. घरं सारखीच असल्यानं तिची सासू पहिल्या आठवड्यात तिसऱ्याच दारात जाऊन बेल वाजवत राहिली होती. तात्या हसत होते, मांडीवर ताल धरत होते. सगळं झालं, आणि मग त्यांनी विचारलं, "बरं, आता सांग. कुणाचं घर वगळायचं?"

"अय्या हो, तेच राहिलं सांगायचं!" मंजिरी म्हणाली. "मी आपल्या ग्रुपवर टाकलं होतं ना, की काका गावावर गाणं करणार आहेत, कुणाला काही सुचवायचंय का. तर एकीचा मेसेज आला, आमचं घर वगळायला सांगा म्हणून. मला काही कळलंच नाही. म्हटलं, कसलं घर, कसलं वगळायचं?"

हा शब्द इथं आमच्याशिवाय एकाच घराला ठाऊक होता.

"कोण ती?" तात्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"रेखा म्हणून आहे, पलीकडच्या कॉलनीत राहते. फार येत-जात नाही ती मंडळात. तिची आई गेली ना नुकतीच. म्हणजे तुम्ही शिकागोला होतात तेव्हाच. बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. खूप गोड होत्या हो काकू, देवळात भेटायच्या. सगळ्यांची चौकशी करायच्या, इतकी की..."

मग तिनं तात्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि थांबली.

तात्यांनी कप बशीत ठेवला. बशी टेबलावर ठेवली. खिशातून रुमाल काढला, त्यानं डोळे नाही पुसले, टेबलावर सांडलेला चहाचा थेंब पुसला. मंजिरीला सगळं मलाच सांगावं लागलं. ती तोंडावर हात धरून रडायला लागली. "आय एम सो सॉरी, काका. मला खरंच माहीत नव्हतं. मी प्रोग्रॅम कॅन्सल करते. मी तुम्हाला आत्ता ड्राइव्ह करून नेते त्यांच्याकडे."

"वगळलेल्या घरी आपण जात नाही," तात्या म्हणाले. "आणि कॅन्सल कशाला? तिनं वगळायला सांगितलंय, बंद ठेवायला नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुमची बायको गेलीय! कडवं कसलं लिहिताय? माणूस आहात का कोण आहात?"

"मग काय करू, विमल?" ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "आंघोळ करून बसू? तेवढा तरी हक्क ठेवलाय का मी माझा?"

तरी पण ते उठले आणि नळ सोडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते ओल्या केसांनी, ठेवणीतला सदरा न घालताच. मी टॉवेल दिला. मग ते खिडकीशी बसून कडवं जुळवायला लागले, ओठ हलताना दिसत होते. मी शेजारच्या खोलीत गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. अक्कांसाठी रडले की त्यांच्यासाठी की त्या तिकिटांसाठी, कोण जाणे. अक्कांना मी जन्मात एकदाही भेटले नव्हते.

ढोलकीला सुमित नावाचा नागपूरचा इंजिनीअर होता. हात बरा होता त्याचा. तात्यांनी त्याला समजावलं, की कडवं संपलं की एक फेरी नुसती वाजवायची, आम्ही गाणार नाही. तो म्हणाला, "काका, जमून जाईल नं. पण लोकांना वाटेल ना, की सिंगर विसरले म्हणून."

"वाटू दे," तात्या म्हणाले.

सभागृह भरलं होतं. दिवे डोळ्यांवर, त्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं, आणि मी तरी सगळा वेळ मागंच बघत होते. तात्यांनी बतावणी केली. पडले, उठले, जीभ काढली, सगळं नेहमीसारखं. माणसं हसत होती. मग गावकडवं आलं:

*काल इथं होती नुसती रानं,*
*आज उभी राहिली दुकानं,*
*एका साच्याची घरंच घरं,*
*आपलं ओळखावं कशावरून बरं?*

हशा फुटला. मंजिरीची सासू तर पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. आणि तात्यांनी हात वर केला, मी पेटीवरचा हात काढला, सुमितची ढोलकी एकटी चालू राहिली. तात्यांनी हात जोडले. पाठ ताठ, डोळे मिटलेले, अंगावर सोंगाड्याचा ठिगळांचा झगा. लोकांना वाटलं आता आपली पाळी. त्यांनी टाळ्या धरल्या. कुणीतरी शिट्टी मारली. सगळं सभागृह तालात टाळ्या वाजवतंय आणि मध्ये हा म्हातारा हात जोडून उभा. मला वाटलं, फेरी संपतच नाही.

त्या टाळ्यांत मागच्या दाराशी एक बाई उभी राहिलेली मला दिसली. तिचेही हात जोडलेले होते.

कार्यक्रमानंतर सामान गाडीत टाकायला बाहेर आलो तर ती तिथं उभी. चाळिशी उलटलेली, साधा कुडता, केस मागं घट्ट बांधलेले. कपाळ तात्यांचं. ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

"तात्या," ती म्हणाली.

ते थांबले. पुढं गेले नाहीत, तीही आली नाही.

"जर्सी सिटीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आला होता ग्रुपवर. मी आईला दाखवला. हॉस्पिटलमध्ये."

"सबंध?"

"सबंध."

"मग..." तात्यांनी ओठ ओले केले. "हसली?"

देवा, मला वाटलं, खोटं बोल गं बाई. एक खोटं बोललीस तर काय बिघडतंय?

"नाही," ती म्हणाली.

तात्यांनी मान हलवली.

"तिनं एवढंच विचारलं, की वगळायचं घर अजून विचारतात का ते? मी म्हटलं, मला काय माहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून नंतर मेसेज टाकला. म्हणून बघायला आले."

"विचारतो," तात्या म्हणाले. "तुम्ही दोघी गेल्यापासून एक गाव सोडलं नाही मी, रेखा. एकही नाही."

"ते तिला कळायला हवं होतं," ती म्हणाली. तिनं किल्ली काढली, दोन पावलं गेली, परत वळली आणि मला म्हणाली, "काकू, त्यांना गोळ्या वेळेवर द्या." मग ती गाडीत बसली. घरी या म्हणाली नाही. तात्यांनीही विचारलं नाही. तिची गाडी फाटकातून बाहेर जाऊन बाकीच्या गाड्यांत मिसळेपर्यंत ते बघत होते, आणि मग मलाच विचारलं, "कुठली गं तिची?"

मिरज

येऊन बरेच दिवस झाले. तात्यांनी झगा माझ्याकडे आणून दिला आणि गाणं सोडलं. लिहीत मात्र होते म्हणे, शेजारीण सांगायची, ओटीवर बसून पुटपुटतात. गणपतीत आमच्याच चौकातल्या मंडळानं कार्यक्रम मागितला. मी एकटीनं करते म्हटलं. ढोलकीला एक कॉलेजातला मुलगा मिळाला.

दुपारी माल गोळा करायला मीच निघाले. आता नळावर कोण बसतंय? प्रत्येकीच्या घरात नळ आणि हातात फोन. तरी दारोदार गेले. अमेरिकेतून मी काही आणलं असेल तर एवढंच, की जागा नसली तर शोधायची. कुणाकडे चहा झाला, कुणाकडे नुसतं उभ्या उभ्या बोलणं. उठताना सगळ्यांना शेवटचा प्रश्न विचारला.

तात्यांचं घर ओळीत शेवटचं. ओटीवर बसून शेंगा सोलत होते. मी पायरीवर टेकले. पावसाचं बोलले, गुडघ्याचं बोलले. चौकात पडदा बांधायचं काम चाललं होतं, त्याचा ठाकठोक आवाज येत होता. अक्कांनी आपलं घर वगळा म्हटलं होतं आणि तात्यांनी ऐकलं नव्हतं, तो हाच चौक. मी उठले, आणि उठताना विचारायचं ते विचारलं. खरं तर त्यांना विचारायची माझी छाती होत नव्हती, पण त्यांचं एकट्याचं घर सोडून पुढं कशी जाणार?

"तात्या, कुणाचं घर वगळायचं?"

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"आमचं," ते म्हणाले.

मी बरं म्हटलं आणि पायऱ्या उतरले.